दर्या मागे सारण्याचा हुकूम

"दर्या पुढे सरकलाच कसा? कोणाच्या परवानगीनं?" उदंडराय महाराज सिंहासनावरून ओरडले, आणि सगळा दरबार माना खाली घालून आपापल्या पायांची बोटं न्याहाळू लागला.

शंखपूरच्या किनाऱ्यावरची महाराजांची लाडकी गुलाबबाग दर्यानं भिंतीसकट गिळली होती. पूर्वी तिथं तिवरांचं रान होतं, दर्याला थोपवून धरणारं. ते महाराजांनीच तोडून भट्ट्यांत घातलं होतं. दर्याकाठी पाच राज्यं होती, आणि ज्याच्या भट्ट्यांचा धूर उंच तो राजा मोठा, अशी रीत पडली होती. पाचही राजे अहोरात्र धूर काढत. का, तर शेजारी काढतो म्हणून!

दर्या चढू लागला तेव्हा पाचही राजांनी डोंगरात, दर्या दिसणारसुद्धा नाही अशा जागी, दर्यापरिषद भरवली. कोळ्यांना बोलावणं नव्हतं. दर्याच्या बाजूनं फक्त पापलेटं हजर होती, तीही ताटात. तीन दिवस जेवणं झाली आणि एकमतानं ठराव झाला: चूक कोळ्यांची! रोज दर्याला डिवचतात म्हणून तो चिडतो. तेव्हा प्रत्येक राजानं आपापल्या कोळ्यांकडून तो मागे सारून घ्यावा.

"येत्या पौर्णिमेला दर्या बागेच्या भिंतीपलीकडे गेला पाहिजे," महाराजांनी समोर उभ्या असलेल्या नाथी कोळणीला बजावलं. "नाही गेला, तर कोळीवाडा खाली करा आणि डोंगरात राहायला जा!"

नाथी साठ घरांच्या वतीनं आली होती. डोंगरात जाऊन कोळ्यांनी काय सुकट पेरायची? पण घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकासमोर ठेवावा तसा चेहरा तिनं कोरा ठेवला.

"पुनवेलाच, महाराज?"

"पौर्णिमेलाच! राजज्योतिष्यांनी मुहूर्त काढलाय. उत्तम दिवस आहे."

"लय उत्तम हाय," नाथी म्हणाली. "मंग हुकूम शिक्क्यासकट लिहून द्या. दर्याला दाखवाया लागंल!"

दरबार खो खो हसला. हुकूम मिळाला.

कोळीवाड्यात रडारड सुरू झाली. "दर्या कधी मानसानं सारलाय का गो?" म्हातारा पदाजी तांडेल कळवळून म्हणाला. अख्खा जन्म त्यानं होडी हाकली होती.

"साठ घरांनी नाय सरायचा," नाथी म्हणाली. "पन आपली घरं साठच, असं कोन म्हनला?"

कोळ्यांची एक जुनी चाल होती. वादळात वाहून गेलेलं जाळं ज्या किनाऱ्याला लागेल, तिथल्या कोळ्यांनी ते वाळवायचं, सांधायचं आणि ज्याचं त्याला पोचवायचं. राज्य कुठलं, हे विचारायचं नाही. प्रत्येक गावाची गाठ वेगळी, त्यामुळे जाळं कुणाचं ते हातात घेताच कळे. शंखपुरात अशी अकरा जाळी सांधून ठेवलेली होती. नाथीनं ती होड्यांत भरली आणि बाकीच्या चारही राज्यांतल्या कोळ्यांना पाठवली. सोबत निरोप दिला: तुमच्या राजाचाही हुकूम आला असेल, तो घेऊन पुनवेला भरतीच्या वेळी या!

पौर्णिमेला भर दुपारी महाराज वाळूत सिंहासन मांडून बसले. एवढ्यात पाण्यावर शिडं दिसली. दहा, वीस, शंभर, चारशे!

"शत्रूची स्वारी!" म्हणत प्रधानजी सिंहासनामागे लपले.

"स्वारी कसली? पावनं हायेत आमचं," नाथी म्हणाली.

चार राज्यांचे चार तांडेल वाळूवर उतरले. प्रत्येकाच्या हातात त्याच्या राजाचा हुकूम होता: दर्या मागे सारावा!

"अरे वा, ठरल्याप्रमाणेच आहे!" महाराज खूश झाले. "मग अडलंय कुठे? लागा कामाला!"

"लागतो की!" नाथी म्हणाली. "पन महाराज, दर्या एकच. ह्यांनी तिकडून सारला, तर तो जाईल कुठं?"

"कुठं?"

"हिकडं! त्यांच्या होड्या चारशे, आमच्या साठ. पन हुकूम तो हुकूम. लागा रे!"

चारशे होड्यांची वल्ही एकदम पाण्यात पडली. पुनवेला उधाण असतं, दर्या अगदी वरपर्यंत चढतो, हे कोळ्याच्या शेंबड्या पोरानंही सांगितलं असतं. पण राजज्योतिषी पोरांना कशाला विचारतील! पाणी वर सरकलं. महाराजांच्या मोजड्या भिजल्या, मग गुडघे भिजले.

"थांबवा! अरे, थांबवा त्यांना!" महाराज सिंहासनावर चढून उभे राहिले. "हुकूम मागे घेतला! पण मग हा दर्या थांबायचा कसा?"

नाथीनं हात वर केला. वल्ही थांबली.

"महाराज, तुमच्या मुदपाकखान्यात दूध उतू जाया लागलं, तर आचारी काय करतो? दूध खाली ढकलत बसतो, का चुलीतलं लाकूड वढतो?"

महाराजांनी मागे वळून पाहिलं. त्यांच्या भट्ट्या आभाळभर धूर ओकत होत्या.

"लाकूड ओढतो," ते पडेल आवाजात म्हणाले.

"पन चुली पाच हायेत. एकट्यानं वढून भागायचं नाय. म्हनून तर ह्यांना बोलावलं."

"आमच्या राजांचं मुहूर्त अजून यायचं हायेत," एक तांडेल मिशीत हसत म्हणाला. "तिथंबी आमी समदे असेच जानार!"

आपले चारही शेजारी आपापल्या सिंहासनांवर धोतर सावरत उभे आहेत, हे चित्र महाराजांच्या डोळ्यांपुढे आलं आणि त्यांना हसूच फुटलं. "मलाही न्या रे! मला बघायचंय!"

तिथल्या तिथे त्यांनी हुकूम टराटरा फाडला. किनारा पिढ्यान्‌पिढ्या कोळ्यांचा, असं लिहून दिलं. भट्ट्या विझवायला आणि बागेच्या जागी तिवरं लावायला प्रधानजींना धाडलं. "आणि नाथी, तुला स्वतःला काय हवं?"

"येत्या दर्यापरिषदेत जागा द्या, महाराज."

"दिली! कुठं बसणार?"

"दर्याच्या बाजूनंच. पन ह्या खेपंला ताटात नाय, पाटावर!"

महाराज इतके हसले, इतके हसले, की मुकुट पाण्यात पडला. पदाजीनं तो जाळ्यानं काढून दिला. मग बाकीचे चारही राजे आपापल्या मुहूर्ताला असेच भिजले, त्यांच्याही भट्ट्या विझल्या, आणि पुढच्या परिषदेत पाच किनाऱ्यांच्या कोळ्यांसाठी पाच पाट मांडले गेले, तेही राजांच्या पंगतीत.