दसऱ्याची आंघोळ

गाड्यांना अजून तोंडावर बोलायची सवय होती, तेव्हाची गोष्ट. दसऱ्याच्या सकाळी परुळेकरांनी आपली जुनी गाडी धुतली. पूजेला सगळं लख्ख हवं, म्हणून बॉनेट उघडून इंजिनावरही पाण्याचा पाइप धरला. मग हार घातला, नारळ फोडला आणि चावी फिरवली. इंजिन नुसतंच घरघरत राहिलं, सुरू काही होईना.

"बॅटरी म्हातारी झाली," परुळेकर म्हणाले. "फेकूनच देतो."

"हात तर लावून बघा!" बॅटरी कडाडली. "आधी हॉर्न वाजवा."

त्यांनी वाजवला. आंब्यावरचे कावळे उडाले.

"मेलेली बॅटरी अशी ओरडते? मी माझी वीज देतेय. ती वीज ठिणगीच्या प्लगांना वाटणारी काळी टोपी उघडा, मालक!"

टोपीच्या आत पाणीच पाणी होतं. परुळेकरांनी ते फडक्याने पुसलं, टोपी बसवली. या वेळी गाडी एका झटक्यात सुरू झाली.

वरमलेले परुळेकर ओल्या बोटांनीच बॅटरीला कुंकू लावायला वाकले.

"थांबा," ती म्हणाली. "आधी हात कोरडे करा."