आकड्यांतले निपुत्रिक

गिरण्यांच्या त्या वॉर्डात बाळंतिणी अंधाऱ्या खोल्यांत दगावत. म्हणून १९११ साली डॉक्टर मनोरमाबाई शेजवलकरांनी तिथे सूतिकागृह मागितलं. म्युनिसिपल कमिटीचे अध्यक्ष रावबहादूर सबनीस त्याच वॉर्डात राहत. त्यांना आपल्या आकड्यांचा भारी अभिमान. भरसभेत मिशीवरून हात फिरवत ते म्हणाले, "बाई, वॉर्डातली वस्ती दुपटीने वाढली, पण जन्म निम्म्यावर आले. इथल्या बायकांना मुलंच होत नाहीत, तर सूतिकागृह कुणासाठी बांधायचं?"

सभासदांनी माना डोलावल्या.

आदल्याच आठवड्यात बाईंच्या डोळ्यांदेखत एक बाळंतीण गेली होती. राग गिळून त्यांनी विचारलं, "रावबहादूर, आपली मुलं कुठे जन्मली?"

"पाचही मुलगे कऱ्हाडला, त्यांच्या आजोळी. इथे बाळंतपणाची सोय आहे कुठे?"

"इथल्या बायकाही त्याचसाठी माहेरी जातात, आणि जन्म तिकडेच नोंदले जातात. जिला जाता येत नाही, ती मरते. उरला आकड्यांचा प्रश्न. त्यांच्या हिशेबाने या वॉर्डात आपण निपुत्रिक आहात."

सभेत हशा पिकला. रावबहादूर तेवढे हसले नाहीत. पण पाच मुलांच्या बापाला चारचौघांत निपुत्रिक ठरणं झेपेना, आणि सूतिकागृह त्याच बैठकीत मंजूर झालं.