सारजाचा समुद्र

“मग पैसा राखणं हे पाप आहे का, महाराज?”

निहालगीर गोसावी वाडगा विसळत होते. विसळलेलं पाणी त्यांनी सावकाश पिऊन टाकलं. तळाशी राहिलेल्या दोन शितांसकट.

ते पाहून केरोबा रंगारी मनातून सुखावला. असा गुरू मिळायला भाग्य लागतं, त्याला वाटलं.

तळ्याच्या मधोमध एक लहानसं बेट होतं आणि बेटावर हा मठ. मार्गशीर्षातली सकाळ होती. धुकं इतकं दाट, की पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं सुरू होतं ते कळत नव्हतं. मठ जणू कशावरच टेकलेला नव्हता.

“मी तुमच्याच पावलावर पाऊल टाकतो,” केरोबा म्हणाला. “तुमच्याकडे एक घोंगडी, माझ्याकडेही एकच. तुम्ही एकवेळ जेवता, मीही. आणि खरं सांगू? रागावू नका. तुमच्याकडे सांजवात तरी लागते. आम्ही अंधारातच जेवतो. घास काही नाकात जात नाही.”

“आम्ही?”

“मी आणि सारजा. माझी बायको.”

गोसाव्यांनी वाडगा पालथा घातला. “मग अडलं कुठं?”

“तिच्यापाशीच अडलंय.”

...

केरोबा आणि सारजा कापड रंगवत. केरोबा हौद ढवळायचा, सारजा रंग ठरवायची. कापड कधी बाहेर काढायचं ते तिचे डोळे सांगायचे. त्यांच्या एका निळ्याला फार मागणी होती. कोकणातून आलेला एक व्यापारी कधीतरी म्हणाला होता, हा तर समुद्र आहे. तेव्हापासून बाजारात त्या निळ्याला ‘समुद्री’ म्हणत.

दोघांपैकी कुणीच समुद्र पाहिला नव्हता.

आता सारजाची नजर उतरत चालली होती. वैद्यानं पापण्या उचलून पाहिल्या होत्या आणि तो म्हणाला होता, होळीपर्यंत उजेड राहील. पुढं नाही.

“त्या दिवशी घरी येताना ती म्हणाली, एकदा समुद्र दाखवा.” केरोबाचा आवाज चढला. “आयुष्यात काही मागितलं नाही तिनं. आणि मागितलं ते हे! घाट उतरायचा, गाडी करायची, तिकडं राहायचं. डोळे तर जाणारच आहेत. उलट आंधळ्या माणसाला जास्त लागतं. उद्या तिच्याजवळ बाई ठेवावी लागेल, माझं काम निम्म्यावर येईल. त्यासाठी मी राखू, की चार लाटा बघायला उधळू? तुम्हीच सांगा.”



“तू भूक पाहिली आहेस?” गोसाव्यांनी विचारलं.

केरोबा थबकला.

“...दुष्काळात. लहान होतो. धाकटी बहीण होती मला, मंजू. घरात दाणा उरला नव्हता. आईनं गरम पाण्यात मीठ कालवलं आणि पेज म्हणून तिच्या पुढ्यात ठेवलं. ती प्यायली. आईच्या तोंडाकडे बघून म्हणाली, छान झालीय गं पेज.”

तो धुक्याकडे बघत राहिला.

“ती राहिली नाही. म्हणून राखतो, महाराज. हौस म्हणून नाही.”

“ठाऊक आहे,” गोसावी हळूच म्हणाले. “ती भूक अजून तुझ्या घरी जेवते.”

...

“सारजा कुठं आहे?”

“पलीकडच्या काठावर. होडीवाला माणशी भाडं घेतो. म्हटलं, बोलायचं मला आहे. तिला कशाला...”

वाक्य तिथंच राहिलं. पाण्यात कुठंतरी मासा उसळला आणि पुन्हा सगळं शांत झालं.

निहालगीर गोसावी उठले. घोंगडी खांद्यावर टाकली आणि उताराच्या दिशेनं चालू लागले. कित्येक वर्षांत त्यांनी बेट सोडलेलं नव्हतं. होडीवाल्यानं त्यांना येताना पाहिलं आणि तो वल्हं हातात धरून नुसता उभाच राहिला.

होडी निघाली. मागं मठ विरघळला. पुढं काहीच नव्हतं. वल्ह्याचा आवाज तेवढा येई, तोही दुसऱ्याच कुणाच्या होडीचा वाटावा असा. आपण चाललोय की पाणीच खालून सरकतंय, केरोबाला उमजेना.

काठावरच्या दगडावर सारजा बसली होती. गुडघ्यांना मिठी घालून, पाण्याकडे तोंड करून. होडी दगडाला लागली तेव्हा ती दचकली.

“कोण?”

“मी आहे गं,” केरोबा म्हणाला. “महाराज आलेत.”

ती लगबगीनं उठली, पदर सावरला, आवाजाच्या रोखानं वाकली. बोटांच्या पेरांत नीळ मुरलेली होती, ती आता कधीच जाणार नव्हती.

“महाराज, एक विचारू?”

“विचार, माई.”

“सकाळपासून बघतेय. मला पलीकडचा काठच दिसत नाही. हे धुकं आहे, का माझे डोळे?”

“दोन्ही असेल.”

ती हसली. मग पुन्हा पाण्याकडे वळली.

“समुद्र असाच असतो का हो? दुसरा काठच नाही, असा?”

गोसावी तोंड उघडणार, तेवढ्यात केरोबा घाईनं पुढं झाला.

“असाच असतो! अगदी अस्सा! पाणी ते पाणी, सारजा. थोडं अधिक, एवढंच.”

त्याचा आवाज आशेनं कापत होता.

सारजानं त्याच्याकडे मान वळवली. त्याच्या चेहऱ्याकडे ती खूप वेळ बघत राहिली. त्यातलं तिला किती दिसत होतं, कुणास ठाऊक.

“हो ना?” ती म्हणाली. “मग पाहिला की मी. छान आहे. चला घरी, हौद ढवळायचा राहिलाय.”

...

एक श्वासभर केरोबाला सुटल्यासारखं वाटलं.

दुसरा श्वास आत जाईना.

छान आहे. त्याच्या कानाशी कुणीतरी ते पुन्हा म्हणालं, पण आवाज सारजाचा नव्हता. लहान मुलीचा होता. समोरच्या पांढऱ्या धुक्यातून पेजेची वाफ निघावी तसं काहीतरी वर येत होतं.

तो खाली बसला.

आणि त्यानं पाहिलं, निहालगीर गोसावी वाकले होते. ज्यांच्यापुढं गावचा पाटील जोडे काढून उभा राही, ते सारजाच्या पायांवर डोकं टेकवत होते.

“अगं बाई! महाराज, हे काय!” ती मागं सरली.

“महाराज, तुम्ही? हिच्या?” केरोबा कसाबसा म्हणाला.

“या बाईनं आत्ता एका शब्दात जेवढं खर्चलं,” गोसावी म्हणाले, “तेवढं माझ्या मठात कधी नव्हतंच, केरोबा.”

ते होडीत बसले. धुक्यानं त्यांना आत घेतलं.

...

केरोबानं घरी येऊन हौदाशेजारची फरशी उचलली. खाली मडकं होतं. सारजानं विचारलं, कसला आवाज? तो म्हणाला, घाटात थंडी असेल, दुसरं लुगडं बरोबर घे.

ती चुलीपाशी जाऊन, पाठ फिरवून, बराच वेळ भाकरी बांधत राहिली.

घाट उतरून ते एका कोळीवाड्यात पोचले. एका म्हाताऱ्या कोळणीनं त्यांना पडवी दिली. एक दिवस बघायचा आणि फिरायचं, असं केरोबानं ठरवलं होतं. पण पहिल्या दिवशी सारजा वाळूवर उभी राहिली आणि मोठ्यानं हसली.

“अहो, आपला रंग खोटा आहे! हा नुसता निळा कुठाय?”

सकाळी समुद्र राखेसारखा होता. दुपारी मोरचुदासारखा. उन्हं कलताना डाळिंबाच्या सालीसारखा, आणि मग कशासारखाच नाही. कापड हौदात फिरवावं तसा तो स्वतःला फिरवत होता, आणि कुठल्याच रंगावर बाहेर काढत नव्हता. सारजा पापण्या न हलवता बघत राही. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्याही.

केरोबा परत जाऊ म्हणालाच नाही. मडकं रिकामं झालं तेव्हा ते परतले.

होळीच्या आधीच तिचा उजेड गेला.

पुढचं वर्ष कठीण गेलं. कापडाला गिऱ्हाईक नव्हतं आणि गाठीला ठेव नव्हती. दोघांनी आंबिलीवर दिवस काढले. कधीकधी फरशीखालच्या पोकळीवर पाय पडे आणि केरोबाला दरदरून घाम फुटे. भीती गेली नव्हती. तिच्याबरोबर तो राहायला शिकत होता.

...

पुन्हा धुक्याचे दिवस आले तेव्हा दोघं बेटावर गेली. सारजा त्याचा दंड धरून उतरली.

गोसावी आता थकले होते. अंगणात उन्हाची वाट बघत बसले होते.

“महाराज,” केरोबा म्हणाला, “पैसे गेले. डोळेही गेले. खोटं कशाला बोलू, मी अजून भितो. राखावं की खर्चावं, मला अजून कळत नाही.”

“समुद्र कसा होता?”

मान खाली घालून, चोरी पकडली गेल्यासारखा केरोबा म्हणाला,

“मी नीट पाहिलाच नाही. मी हिच्याच तोंडाकडे बघत होतो.”

सारजाचा हात त्याच्या दंडावर जरा घट्ट झाला.

“आता ही मला सांगते,” तो म्हणाला. “रोज संध्याकाळी, थोडा थोडा. वर्ष होत आलं. संपतच नाही.”

“मी संपू देत नाही,” सारजा म्हणाली. “एक लाट सांगते नि थांबते. एकदम सगळा सांगून टाकला तर उद्या ह्यांना काय देऊ?”

...

धुक्यात कुठंतरी ऊन शिरलं होतं. अंगण, झाड, तिघांचे चेहरे, सगळं एकाच फिक्या सोनेरी पाण्यात बुडाल्यासारखं झालं.

निहालगीर गोसाव्यांनी डोळे मिटले. ते झोपले की काय, असं केरोबाला वाटलं.

मग ते म्हणाले,

“केरोबा, काटकसर हिच्याकडून शीक.”