हत्तीच्या कार्डाआड

“...मग चुकतंय कुठे, माई?”

हेमांगीनं विचारलं. मांडीवर तिची ऋता, दोन वर्षांना टेकलेली. शेजारी पिशवीभर चित्रांची कार्डं.

चातुर्मासातली दुपार. मठाच्या ओवरीत आम्ही बायका लक्षवातींच्या व्रतासाठी वाती वळत बसलो होतो. मठ सांभाळणाऱ्या माईंच्या हातातही कापूस होता.

“बसायला लागल्यापासून कार्डं दाखवते मी हिला. खाडा नाही. एक वेळ माझं जेवण चुकेल, कार्डं नाही.”

“व्रतच की गं,” माई म्हणाल्या. चेष्टेनं नव्हे, कौतुकानं.

“आणि सगळं ओळखते हो! बघा.” तिनं कार्डं चटईवर मांडली. “ऋतू, मोर कुठाय?”

बोट मोरावर.

“घड्याळ?”

बोट घड्याळावर.

“अगंबाई! आमच्या ह्यांना अजून कुठल्या डब्याचं कुठलं झाकण ते कळत नाही,” कुसुमताई म्हणाल्या.

सगळ्या हसल्या. हेमांगीही हसली, पण लगेच तिचा चेहरा उतरला.

“ओळखते... बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, थोडी वाट बघा. पण मला अजून आई म्हणाली नाही, माई. एकदासुद्धा.”

माई तिच्याकडे वळल्या.

“कशी शिकवतेस, दाखव बरं.”

हेमांगीनं लेकीला समोर बसवलं. हत्तीचं कार्ड उचललं आणि आपल्या तोंडासमोर धरलं, लेकीच्या नजरेला नीट येईल असं.

“हत्ती. म्हण, हत्ती.”

ऋता एका बाजूला कलली. कार्डही तिकडे सरकलं. ती दुसरीकडे वाकली. कार्ड पाठोपाठ.

“बघा, अशी चुळबूळ! लक्षच नसतं हिचं.”

माईंनी वात खाली ठेवली. शेजारचा हातपंखा उचलला नि स्वतःच्या तोंडासमोर धरला.

“माहेर कुठलं गं तुझं?”

“वाईचं...” हेमांगी जरा वाकली. पंखा तिकडे सरकला.

“आई काय करते?”

“ती... शिवण शिकवते...” ती दुसऱ्या बाजूनं वाकली. पंखा तिथेही. “अहो माई, असं काय करता? तोंड तरी दिसू द्या! बोलायला सुचत नाही मला.”

पंखा तसाच.

हेमांगी हसता हसता थांबली. हातातल्या कार्डाकडे पाहिलं... मग ऋताकडे.

कार्ड हळूहळू खाली आलं.

“बंद करू का ही?”

“छे गं!” माईंनी पंखा बाजूला ठेवला. “गोड आहेत चित्रं. मला तर तो मोर फार आवडला. असू देत मांडीवर.”

हेमांगीनं हत्ती मांडीवर ठेवला.

“हत्ती,” ती म्हणाली.

ऋता पुढे सरकली. एकदा हत्तीकडे पाहिलं, मग आईच्या ओठांकडे. बघतच राहिली. दोन इवली बोटं तिनं त्या ओठांवर टेकवली आणि आपलंही तोंड तसंच उघडलं.

शब्द नाही... नुसता श्वास.

“म्हण ना बाळा! म्हण, ह...”

माईंनी हेमांगीच्या खांद्यावर हलकेच हात ठेवला.

“थांब, बाई. तिचं दर्शन चाललंय.”