मागे फिरलेली ज्योत

"...पण ती मागे फिरलीच का, सर?"

उपासनी सर फुटलेल्या बर्नरपाशी उभे होते. प्रयोगशाळेत फुटलेल्या काचा अजून तशाच पडल्या होत्या. त्या चुकवत यज्ञेश त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

बर्नर यज्ञेशनेच बनवला होता. सिरॅमिकची जाड चकती, स्पंजासारखी सच्छिद्र. गॅस मागून येतो, ज्योत त्या छिद्रांत जळते. गॅस तिला पुढे ढकलतो, ती मागे सरकू पाहते. दोघांचा जोर सारखा असेल तोवर ती जागच्या जागी राहते.

पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक दाखवताना यज्ञेशने त्या गॅसमध्ये हायड्रोजन मिसळला. थोडक्या इंधनावरही ज्योत विझेना. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

बर्नरच्या मागे, हायड्रोजनच्या व्हॉल्व्हपाशी शाल्मली होती. तीही सरांचीच विद्यार्थिनी.

"बास आता," ती म्हणाली होती.

"सोड अजून," तो म्हणाला होता.

ज्योत छिद्रांतून उलटी धावली. थेट मागच्या, गॅस साठलेल्या डब्यापर्यंत. डबा फुटला.

"चकतीत दोष होता, सर," यज्ञेश म्हणाला. "छिद्रं मोठी असणार, म्हणून ज्योत मागे शिरली. चौकशी समितीपुढे तुम्ही एवढंच सांगा. तुमचा शब्द मानतील ते."

सरांनी खाली वाकून चकतीचा एक तुकडा उचलला आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

"बघ."

त्याने तो खिडकीच्या उजेडात धरला. बराच वेळ...

छिद्रं बारीक होती. हवी तेवढीच.

"हायड्रोजनने ज्योतीचा वेग वाढतो, हे तुला माहीत नव्हतं?"

"होतं. पण त्यानेच तर ती टिकत होती!"

"हो. त्यानेच."

...

"शाल्मली कशी आहे?" यज्ञेशने विचारलं. पहिल्यांदाच.

"डावा डोळा गेला. उजव्याचं उद्या सांगतील."

यज्ञेशने तुकडा टेबलावर आपटला.

"मी काय खोटं बोलतोय? शेवटच्या क्षणापर्यंत ज्योत स्थिर होती, सर. मी स्वतः पाहिली. या डोळ्यांनी!"

सरांनी पिशवी खांद्याला लावली. हॉस्पिटलमध्ये भेटायची वेळ झाली होती. दारापाशी ते थांबले, पण वळले नाहीत.

"तू पुढून पाहत होतास."