राजाच्या हातची कंदांची भाजी

एकदा काय झालं, एका राजाच्या घरातलं बोलणंच आटून गेलं. राजाचं नाव विराजसेन. त्याची राणी हिरादेवी तापानं गेली. मागं राहिली चिमुरडी लेक, बकुळा. राजाला वाटलं, आईचं नाव कानावर पडलं की पोर रडेल. म्हणून त्यानं दवंडी पिटवली, "राजवाड्यात राणीचं नाव कुणी काढायचं नाही!" राजेच ते! त्यांना वाटतं, दवंडी पिटली की दुःखसुद्धा मुकाट्यानं वेशीबाहेर जाऊन उभं राहतं.

मग बकुळा रडली नाही खरी, पण बोलेनाशी झाली. मग जेवेनाशी झाली. आचाऱ्यांनी बासुंदी केली, जिलब्या तळल्या. तिनं ताट सरकवून दिलं. पोर वाळत चालली. राजा रोज तिचं मनगट हातात घेऊन बघायचा आणि मनात म्हणायचा, आता हीही जाते की काय?

मग एक दिवस त्याला आठवलं. राणी उपासाला स्वतः कंदांची भाजी करायची. रताळं, कोनफळ आणि सुरण. गुळानं गोड, मिरचीनं तिखट. बकुळा चुलीपाशीच बसून खायची. राजानं कुदळ घेतली आणि एकटाच रानात गेला. जन्मात पहिल्यांदा कुदळ धरलेली, बरं का! हसू नका रे, पुढं ऐका.

आधी रताळ्याचा वेल दिसला. राजा खणू लागला, तर मातीतून आवाज आला, "कुणासाठी नेतोस?"

राजा म्हणाला, "राजकन्येसाठी." रताळं तसूभर हललं नाही.

मग कोनफळाचा वेल लागला. "कुणासाठी नेतोस?"

"माझ्या लेकीसाठी." कोनफळ जरासं हललं, आणि पुन्हा घट्ट बसलं.

मग आलं सुरण. त्यानंही तेच विचारलं. राजानं कुदळीवर हनुवटी टेकली. मग म्हणाला, "जिची आई गेली, तिच्यासाठी. माझी हिरा गेली रे." एवढं बोलला आणि मटकन खाली बसला.

तशी माती भुसभुशीत झाली आणि तिन्ही कंद आपणहून वर आले. सुरण म्हणालं, "माझा कोंबाचा डोळा तेवढा कापून मातीत ठेव, पुढच्या सालासाठी." राजानं तसं केलं. कंद नेणारे सगळेच करतात तसं.

मग राजा मुदपाकखान्यात आला. आचाऱ्यांना म्हणाला, "तुम्ही व्हा बाहेर." सालं काढली, फोडी केल्या. तुपात जिरं तडतडलं, मिरची पडली. फोडी परतून झाकण ठेवलं आणि वाफ आणली. मग गूळ, मीठ, दाण्याचं कूट. वास दरवळला तशी बकुळा दारात येऊन उभी राहिली. राजानं वाढलं. तिनं एक घास घेतला, त्यानं एक घास घेतला.

आणि दोघांचाही घसा खवखवायला लागला! सुरण खाजरं असतं ना! राजा खोकतोय, पोर जीभ चोळतेय. राजाच्या तर काळजाचं पाणी पाणी झालं. काय खाऊ घातलं मी पोरीला!

तेवढ्यात बकुळा ओरडली, "बाबा, आमसूल! आई सुरण आधी आमसुलाच्या पाण्यात उकडते!"

मग थांबली. हळूच म्हणाली, "उकडायची."

दाराबाहेरचे आचारी राजाकडे बघायला लागले. दवंडी राजाचीच होती ना! राजानं लेकीला मांडीवर घेतलं. विचारलं, "आणखी काय करायची गं आई?"

मग पोर रडली. हुंदके देऊन देऊन रडली. राजाही रडला. रडता रडताच ती सांगत गेली, मिरची किती, गूळ कधी. राजानं उरलेलं सुरण आमसुलाच्या पाण्यात उकडलं आणि पुन्हा भाजी केली. बकुळानं ती पोटभर खाल्ली, वर आणखी मागितली.

दवंडी मोडली ती मोडलीच. पुढं राजवाड्यात राणीचं नाव रोज निघायचं, कधी हसत, कधी रडत. दुःख गेलं का म्हणाल, तर नाही गेलं. पण पोर जेवू लागली, बोलू लागली, आणि बापलेक सुखानं राहिले.

चला, मिटा डोळे. आणि रात्री कुणाला आईची आठवण आली, तर गुपचूप पडून राहू नका. मला हलवून उठवा, बरं का.