शेवटचं शेत

एका राज्यात नदीच्या काठाने जोंधळ्याची शेतं होती, एकाला एक लागून. पहिलं राजा विजयकेतूचं, शेवटचं ठकूबाईचं. त्याच्यापुढे नुसता उभा कडा.

एकदा हुरड्याच्या दिवसांत धूम्रनाथ नावाचा मांत्रिक काठाने आला. त्याने राजाच्या राखणदाराकडे एक कणीस मागितलं. राखणदार म्हणाला, "पुढच्या शेतात विचारा." पुढच्यानेही तेच सांगितलं, त्याच्या पुढच्यानेही. नाथाचं डोकं फिरलं. "तुम्ही जे जे हाकलाल, ते पुढच्याच शेतात जाईल," असा शाप देऊन तो डोंगर चढून गेला.

तेव्हापासून एका शेतात गोफण फिरली की राघू, साळुंक्या, चिमण्या, सगळा थवा उठून शेजारच्या शेतात बसे. तिथली फिरली की त्याच्या पुढच्या. लोकांना यात शाप असा काही दिसलाच नाही. पाखरं आपल्या शेतातून गेली, झालं!

ठकूबाईच्या शेतातून मात्र त्यांना पुढे जागाच नव्हती. दोन वर्षं तिच्या खळ्यावर नुसता कडबा आला. तिसऱ्या वर्षी तिने घरातलं उरलंसुरलं बी पेरलं, आणि कणसं भरू लागताच ती डोंगर चढली.

"नाथबाबा, माझा अपराध कोणता?"

"तुम्ही सारे सारखेच. तू तरी कणीस दिलं असतंस?"

"मागून तर बघायचं होतं."

नाथ ओशाळला. दिलेला शाप त्याला परत घेता येत नसे. तो म्हणाला, "तीन गोष्टी कर. मला एक कणीस दे. पाखराने आपण होऊन दिलेलं पीस मिळव. आणि एक दिवस, उगवतीपासून मावळतीपर्यंत, काठावर एकही गोफण फिरू देऊ नकोस."

कणीस तिने ओटीत आणलंच होतं, ते तिथेच दिलं. ती शेतात परतली, तेव्हा थव्यातला म्हातारा राघू बांधावर येऊन म्हणाला, "बाई, एकाच शेतात दाटीवाटीने खाऊन आम्हीही कंटाळलो. हे घे पीस." तिने ते अंबाड्यात खोवलं आणि राजवाडा गाठला.

"दिवसभर माझा जोंधळा उघडा टाकू?" राजा म्हणाला. "अशक्य."

"महाराज, यंदा बी गेलं की माझं शेत पडीक. मग शेवटचं शेत शेजारच्या राणोजीचं."

राणोजी सभेतच होता. तो दचकला.

"तोही बुडेल. मग त्याच्या अलीकडचं शेत शेवटचं. मग त्याच्याही अलीकडचं."

राजा मनातल्या मनात एकेक शेत मागे येत आपल्या बांधापर्यंत आला. त्याने तिथल्या तिथे दवंडी पिटवली, की उद्या दिवसभर काठावर कोणी गोफण फिरवायची नाही.

त्या दिवशी राजा स्वतः मचाणावर हात मांडीखाली दाबून बसला. राघू त्याच्या डोळ्यांदेखत कणसं सोलत होते, तो दातओठ खात होता. गोफण मात्र फिरली नाही. मावळतीला थवा उठला आणि विखुरला. थोडी पाखरं इथे, थोडी तिथे, उरलेली कड्यावरून पार रानात गेली. शाप तुटला.

त्या वर्षी बाकी प्रत्येकाची रास जराशी कमी भरली. ठकूबाईची भरली. बियाण्याच्या मडक्यावर झाकण ठेवताना तिला रडू आवरेना.

अजूनही तिथे कणसं भरली की एक दिवस गोफणी खुंटीला टांगतात. लोक मचाणावर चरफडतात, पाखरांना पोटभर शिव्या घालतात, पण गोफणीला हात लावत नाहीत. आणि कोणी कणीस मागायला आलं, तर त्याला पुढच्या शेतात पाठवत नाहीत. ठकूबाईचं बी उगवलं, तसं तुमचंही उगवो.